तालमीच्या गावातली रायफल

कोल्हापूर म्हटले की लाल माती, खासबागेचे मैदान आणि पहाटे तालमीत घुमणारे शड्डू आठवतात. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय ही या शहराची सर्वात जास्त सांगितली गेलेली कथा आहे. पण गेल्या वीस वर्षांत कोल्हापूरचे नाव जगाच्या क्रीडांगणावर नेले ते मुख्यतः कुस्तीने नव्हे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेती ठरली. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी ब्यूनोस आयर्सच्या युवा ऑलिम्पिकमध्ये शाहू मानेने एअर रायफलचे रौप्य मिळवले. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या वैयक्तिक प्रकारात कांस्यपदक पटकावले. चौघांच्याही हातात बंदूक. तालमीच्या गावात ही बंदूक आली कुठून?

याचे एक तयार उत्तर आपल्याकडे आहे: हा मर्दानी मुलूख, इथे शिकार होती, संस्थानची फौज होती, शस्त्र रक्तातच आहे. हे उत्तर ऐकायला गोड असले, तरी कागदावर तपासून पाहिले की टिकत नाही.

शिकारीपासून सुरुवात करू. राधानगरी तालुक्यात दाजीपूरचे घनदाट जंगल आहे. ते कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारक्षेत्र होते. १९५८ मध्ये तिथे गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि शिकारीचा अध्याय संपला. स्वप्नीलचे गाव याच तालुक्यातले, त्यामुळे शिकारीच्या जंगलातून ऑलिम्पिकपर्यंत एक सरळ रेघ ओढण्याचा मोह होतो. पण त्या जंगलातली बंदूक दरबाराची होती. गावकऱ्याच्या वाट्याला आले ते हाका घालण्याचे काम. नेम धरण्याचा मान त्याचा नव्हता.

फौजेची गोष्टही अशीच गुंतागुंतीची आहे. ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरातल्या २७ व्या मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीने बंड केले. ते मोडल्यावर कर्नल ले ग्रँड जेकब याने पलटण निःशस्त्र केली. डिसेंबरात शहरात पुन्हा उठाव झाला, तोही दडपला गेला आणि छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेऊन नजरकैदेत ठेवण्यात आले. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरला. ज्या काळात युरोपात गावोगाव रायफल क्लब निघत होते, त्याच काळात आपल्याकडे सामान्य माणूस आणि बंदूक यांची कायद्यानेच ताटातूट झाली. संस्थानच्या फौजेत राजाराम रायफल्स ही पलटण होती. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीत सामावली गेली. म्हणजे रायफल होती, पण ती छावणीच्या कुंपणाआड. पेठेतल्या पोराला मातीत उतरायला परवाना लागत नव्हता. कुस्ती इथे रुजली त्यामागे राजाश्रयाइतकेच हेही कारण आहे.

युरोपातली स्थिती किती वेगळी होती, हे आपल्याला जवळजवळ अपरिचित असलेल्या एका खेळातून कळते. त्या खेळाचे नाव बायथलॉन. पाठीला रायफल बांधून बर्फावरून स्की करत जायचे, वाटेत थांबून नेम साधायचा आणि पुन्हा धावायचे. १७६७ मध्ये नॉर्वेच्या सीमेवरच्या सैनिकांत अशा स्पर्धा झाल्याची नोंद आहे. १८६१ मध्ये तिथल्याच ट्रिसिल गावात रायफल आणि स्कीचा नागरी क्लब निघाला. जे कौशल्य सैनिकाचे होते ते शेतकऱ्याचेही झाले. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १९६० साली, अमेरिकेतल्या स्क्वॉ व्हॅलीत, हा खेळ पुरुषांच्या २० किलोमीटर वैयक्तिक शर्यतीच्या रूपाने प्रथम आला.

ती पहिली शर्यत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. चार ठिकाणी थांबून प्रत्येकी पाच, अशा एकूण वीस गोळ्या झाडायच्या. चुकलेल्या प्रत्येक गोळीमागे वेळेत दोन मिनिटांची भर पडे. फ्रान्सचा व्हिक्टर आर्बेझ बर्फावर सर्वात वेगवान ठरला, पण त्याच्या वीसपैकी अठरा गोळ्या वाया गेल्या. स्वीडनचा क्लास लेस्टांडर स्कीच्या वेगात पंधरावा होता. त्याच्या वीसच्या वीस गोळ्या लक्ष्यावर बसल्या आणि सुवर्ण त्याला मिळाले. आज एका चुकीला एक मिनिटाचा दंड आहे, पण तत्त्व तेच: दमलेल्या देहाला क्षणभर स्थिर करता आले पाहिजे.

१९७८ पासून बायथलॉनमध्ये पॉइंट टू टू काडतूस आणि ५० मीटरचे अंतर आले. थ्री पोझिशनमध्येही काडतूस तेच आणि अंतरही तेवढेच. फरक लक्ष्यात आहे. बायथलॉनपटूला झोपून ४५ मिलिमीटरचे आणि उभ्याने ११५ मिलिमीटरचे वर्तुळ टिपायचे असते. थ्री पोझिशनच्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, आपल्या करंगळीच्या नखाएवढे. एकाचे काळीज धडधडत असते म्हणून त्याला मोठे लक्ष्य दिले आहे. दुसऱ्याने मात्र काळजाच्या दोन ठोक्यांमधली शांतता शोधायची. गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभे राहून अशी तीन आसने त्याला एकामागून एक घ्यावी लागतात. ही तिन्ही आसने रणांगणातून आलेली आहेत: आडोशामागचा सैनिक, जमिनीला चिकटलेला सैनिक आणि आडोसा नसलेला सैनिक. उभ्याची स्थिती सर्वात अवघड, कारण आठ किलोपर्यंतच्या रायफलीला तिथे जमिनीचा आधार नसतो. सगळा डोलारा दोन पायांवर.

मग ही छावणीतली रायफल कोल्हापूरच्या पेठांत शिरली कशी? माझे उत्तर असे की ती शस्त्र म्हणून आलीच नाही, तालीम म्हणून आली. तालमीची व्यवस्था नीट पाहिली तर तिच्यात तीन गोष्टी दिसतात: जिच्या शब्दापुढे कोणी जात नाही अशी गुरूची जागा, रोज तेच तेच न कंटाळता करण्याची सवय आणि एका पोराच्या खुराकासाठी झळ सोसणारे घर. नेमबाजीला याच तीन गोष्टी लागतात. दूध-बदामांच्या जागी काडतुसे आली, एवढाच फरक.

याचा पुरावा मुलींच्या कामगिरीत आहे. फौजेचा वारसा हे खरे कारण असते, तर या खेळात कोल्हापूरचे पहिले मोठे नाव एखाद्या मुलाचे असते. पण जगज्जेतेपद आधी आणले ते तेजस्विनीने. तिचे वडील नौदलात होते हे खरे, पण तिचा नेम घडला तो कोल्हापुरातच, प्रशिक्षक जयसिंग कुसाळे यांच्या हाताखाली. परदेशी बनावटीच्या महागड्या रायफलीसाठी त्या घराला झगडावे लागले. २०१० च्या सुरुवातीला वडील गेले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिने म्युनिकला ६०० पैकी ५९७ गुण मिळवून तेव्हाच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. जागतिक नेमबाजी स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्याच शाळेत शिकणाऱ्या राहीने तिच्याकडे पाहून पिस्तूल हाती घेतले आणि २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण मिळवले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत दोनदा शूट-ऑफ झाल्यावर तिचे सुवर्ण निश्चित झाले. ज्या तालमींचे दार मुलींना पिढ्यान् पिढ्या बंद होते, त्या तालमींची शिस्त मुलींनी रेंजवर नेली. संस्थानी बंदुकीच्या कथेत या दोघींना जागाच सापडत नाही.

आता घराला बसणाऱ्या झळीबद्दल. कोल्हापूरच्या ऑलिम्पिक इतिहासाचे पहिले पान खाशाबा जाधवांचे आहे. गाव कराडजवळचे गोळेश्वर, पण कॉलेज कोल्हापूरचे राजाराम. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला आणि खाशाबा सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे तेव्हा संस्थान उरले नव्हते. लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेटमध्ये कांस्य जिंकले. जपानी मल्लाशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले आणि मधल्या विश्रांतीचा हक्क मागायला भारतीय पथकातले कोणी तिथे नव्हते, ही हकीकत कोल्हापुरात आजही हळहळून सांगितली जाते. दमलेल्या देहाला स्थिर व्हायला क्षणभर मिळाला नाही. बायथलॉनमध्ये निदान तो क्षण नियमातच असतो.

त्यानंतर महाराष्ट्राला ऑलिम्पिकमधले दुसरे वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. पॅरालिम्पिकमध्ये मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्येच सुवर्ण आणले होते, त्याची दखल समाजाने फार उशिरा घेतली.

स्वप्नीलचा मार्ग खाशाबांपेक्षा वेगळा आहे, आणि हा फरकच इतिहासाचा विषय आहे. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. २००९ मध्ये मुलगा राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. तिथे नेमबाजी निवडून तो नाशिकला गेला. सुरुवातीच्या काळात काडतुसांसाठी वडिलांनी कर्ज काढले. २०१५ मध्ये मध्य रेल्वेत नोकरी लागली. तिकीट तपासनीसाचा पगार आणि बालेवाडीची रेंज या जोडीवर त्याचे पुढचे सगळे उभे राहिले. ऑलिम्पिकपटू दीपाली देशपांडे त्याच्या मार्गदर्शक. महाराजांच्या आणि प्राचार्यांच्या जागी आता प्रबोधिनी, रेल्वे आणि प्रायोजक संस्था होत्या. घर मात्र दोन्ही कथांत तसेच कर्जात आहे.

यश त्याला सहज मिळाले नाही. २०२२ च्या कैरो जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. त्यामुळे भारताला पॅरिसची जागा मिळाली, पदक हुकले. पुढच्या वर्षी हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळाले. वैयक्तिक अंतिम फेरीत तो आघाडीवर होता, पण उभ्याने झाडलेली एक गोळी ७.६ वर गेली आणि पुन्हा चौथा क्रमांक. बायथलॉनमध्ये चुकीची किंमत मिनिटांत मोजतात, इथे ती एका वर्षाच्या झोपेत मोजावी लागते.

पॅरिस ऑलिम्पिकची नेमबाजी प्रत्यक्षात शातोरू येथे झाली. पात्रता फेरीत स्वप्नील ५९० गुणांसह सातवा होता. अंतिम फेरीत आठ जण. गुडघ्यावर बसून पंधरा गोळ्यांनंतर त्याचे १५३.३ गुण झाले, झोपून पंधरा झाल्यावर एकूण ३१०.१. तो पाचव्या स्थानावर होता. मग उभे राहण्याची वेळ आली. हांगझाऊला घात झाला तो याच आसनात. दहा गोळ्यांनंतर तो ४११.६ वर आणि तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला. तिथून प्रत्येक गोळीला एक जण बाद होत जातो. स्वप्नीलच्या शेवटच्या चार गोळ्या १०.५, ९.४, ९.९ आणि १०.० अशा पडल्या. एकही अलौकिक नाही, पण एकही ७.६ नाही. ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण आणि कांस्य. चीनच्या लिऊ युकुनचे ४६३.६ आणि युक्रेनच्या सेरही कुलिशचे ४६१.३ हे आकडे एक गोळी अधिक मोजून झालेले आहेत. त्यामुळे कागदावर दिसते तेवढी दरी मध्ये नव्हती. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिलेच ऑलिम्पिक पदक.

खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ मधल्या अपघाती मृत्यूनंतर, नव्या शतकाच्या उंबरठ्यावर. पद्म पुरस्कार मिळालाच नाही. स्वप्नीलला अर्जुन पुरस्कार सहा महिन्यांच्या आत मिळाला. हा बदल लहान नाही. तरीही त्याच वर्षी त्याच्या वडिलांना बक्षिसाच्या रकमेवरून जाहीरपणे बोलावे लागले आणि हरियाणाशी तुलना झाली. काहींना ते बोलणे रुचले नाही. पण गोळ्यांसाठी कर्ज काढलेल्या माणसाने हिशेब मागितला तर त्यात गैर काय? प्राचार्य खर्डेकरांच्या गहाणखताची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. ती खरे तर लाज वाटावी अशी गोष्ट आहे. एका शिक्षकाचा त्याग ही एखाद्या राज्याची क्रीडा-योजना असू शकत नाही.

म्हणून रायफल रक्तात आहे, या उत्तराशी माझे भांडण आहे. रक्तात आहे म्हटले की खर्च कोणी करायचा हा प्रश्नच उरत नाही. इतिहास वेगळे सांगतो. जिथे कायद्याने बंदूक दूर ठेवली तिथे ती आणली उस्तादाने, शाळेतल्या मैत्रिणीच्या उदाहरणाने, रेल्वेच्या पगाराने आणि कुणाच्या तरी घरावरच्या बोजाने. ट्रिसिलच्या शेतकऱ्यांनी १८६१ मध्ये क्लब काढला, त्याची फळे नॉर्वेला शंभर वर्षांनी मिळाली. कांबळवाडीतून पुढचा मुलगा किंवा मुलगी निघेल तेव्हा ५० मीटरच्या रेंजसाठी त्यांना नाशिक-पुण्याची गाडी धरावी लागू नये, एवढे जरी झाले तरी त्या कांस्यपदकाचे मोल आपल्याला कळले असे म्हणता येईल.