करंजाचे पाणी आणि लाटांचा हौद

पूर्वी पनवेल तालुक्यात मोडणारे उरणजवळचे करंजा म्हणजे मासळीचे बंदर. ७ ऑगस्ट २०१० रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ ही जहाजे आदळली. सुमारे ८०० टन तेल सांडले. तवंग उरणच्या किनाऱ्यास लागला, मासळीचे गिऱ्हाईक आटले. तेल अडविणारा तरंगता बांध शांत पाण्यात उपयोगी. उसळत्या लाटेत तेल त्याच्या वरून-खालून निसटते. हे पारखण्यासाठी अमेरिकेने १९७४ साली न्यू जर्सीत सुमारे २०० मीटर लांबीचा, यंत्राने लाटा उठविणारा हौद उभारला. पुढे तो बंद पडला. १९८९ साली अलास्कात ‘एक्सॉन व्हॅल्डीझ’ फुटले आणि १९९२ साली हौद पुन्हा उघडावा लागला! विहीर तहानेपूर्वीच खणावी, हे यावरून आम्ही शिकावे. आमच्या पावसाळी लाटांसारख्या लाटांत पारखलेले साधनच करंजाच्या कामी येईल.