टेंडर भरताना ‘लोकल कंटेंट’ किती दाखवायचा?
केंद्र सरकारच्या टेंडरमध्ये ‘मेक इन इंडिया’चा नुसता शिक्का पुरत नाही. वस्तूच्या किमतीतला किती टक्के भाग देशी, हे लेखी द्यावं लागतं. २०१७ च्या आदेशात २०२० साली झालेल्या बदलानुसार ५० टक्के किंवा जास्त असेल तर पुरवठादार पहिल्या वर्गात, २० ते ५० मध्ये दुसऱ्या. खरेदीत प्राधान्य फक्त पहिल्या वर्गाला.

कर वगळून १०० रुपयांच्या पंपात ४५ रुपयांचे आयात भाग असतील (सीमाशुल्क धरून), तर लोकल कंटेंट ५५ टक्के. आयात वस्तू विकणाऱ्याला वाहतूक, विमा, जोडणीचा खर्च ‘देशी’ म्हणून दाखवता येत नाही. आकडा फुगवण्याचा मोह होतो तो इथेच.

स्वयंघोषणापत्रात मूल्यवर्धन कुठे झालं ते ठिकाणही लिहायचं. खरेदी १० कोटींच्या वर असेल, तर कंपनीला वैधानिक किंवा कॉस्ट ऑडिटरचं प्रमाणपत्र लागतं. खोटी घोषणा केल्यास दोन वर्षांपर्यंत बंदी.