हजेरी कोणी पाहावी?

आजकाल संघटनेची निम्मी चर्चा मोबाइलवरच होते. तेथे सभासदाच्या नावापाशी तो या घटकेला हजर आहे की नाही, हे दाखविण्याची सोय असते. अशी हजेरी उघड दिसल्याने चर्चेला जोर चढतो की माणसे बिचकतात, असे तरुण कार्यकर्ते आम्हांस विचारतात. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गिरणगावाच्या इतिहासात अधिक झाले. तेव्हा श्रोतेहो, उत्तरही तेथेच शोधू.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनपाशी ना सभासदांची यादी होती, ना वर्गणी, ना घटना. तरी 24 एप्रिल 1890 रोजी सुमारे 10,000 कामगार तिच्या सभेस जमले, आणि त्या काळी दोन कामकरी स्त्रियाही तेथे बोलल्या! आपल्यासारखे किती आहेत हे ज्याने त्याने डोळ्यांनी पाहिले. मालकांनाही ते कळले. जूनमध्ये आठवड्याची सुटी मान्य झाली. दहा हजारांची गर्दी सर्वांस दिसते, पण तीतला एकटा गडी वेचून काढणे कठीण. त्या सभेचे बळ आमच्या मते यातच होते.

1928 साली गोष्ट निराळी झाली. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद होत्या. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन निघाली, तेव्हा तिचे सभासद अवघे 324 होते. वर्षअखेर ते 54,000 झाले. अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे स्वतः गिरणीत काम केलेले. हे बळ कशाचे? व्याख्यानांचे थोडे, गिरणी कमिट्यांचे फार. खात्याखात्यांतील कामगार वर्गणी गोळा करीत, गाऱ्हाणी ऐकत आणि साहेबापुढे जाऊन बोलत. आपला माणूस समोर उभा आहे हे दिसले की भित्र्यालाही कंठ फुटतो. पण तो जसा सोबत्यांस दिसतो तसाच मुकादमालाही दिसतो. पुढे येणाऱ्याचे नाव युनियनच्या पावतीबुकात चढे आणि मुकादमाच्या मनातही. रोज सकाळी दरवाजाशी ताटकळणाऱ्या बदलीवाल्याला काम द्यायचे की नाही, हे त्याच मुकादमाच्या हाती! 1929 च्या संपाच्या मुळाशी कामावरून काढलेल्या माणसांचाच प्रश्न होता. तो संप फसला, आणि कमिट्यांतील उघडी माणसे आधी भरडली गेली.

उलट, नुसत्या यादीवर विसंबणेही खोटे. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मालकाशी बोलण्याचा हक्क नोंदलेल्या सभासदसंख्येवर ठरविला. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे संपावर गेले. कायद्याने प्रतिनिधी मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघच राहिला. वहीत एक हजेरी आणि रस्त्यावर दुसरी, असा तो तमाशा होता. कामगार आयुक्तांचे कामगार भवन आज आपल्या वांद्र्यातच, कुर्ला संकुलात, उभे आहे. तेथे कागद घेऊन जाणाऱ्यांस हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून आम्ही तरुणांस म्हणतो, किती जण हजर आहेत तो आकडा खुशाल दाखवा. ओस पडलेल्या सभेत कोणी तोंड उघडत नाही. नाव दाखवावे की झाकावे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावे. व्हॉट्सअ‍ॅपने 2022 साली आपली हजेरी लपविण्याची सोय दिली, ती आम्हांस पसंत आहे; मालकाचा माणूस गटात नाही, अशी हमी कोण देणार?

वांद्रे स्टेशनाबाहेर जेवणाच्या पिशव्या घेऊन धावणारी पोरे पाहा. फोनवर 'ऑनलाइन' झाल्याशिवाय त्यांना काम नाही. कोण कधी आला, कोठे थांबला, हे कंपनीला घटकोघटकी दिसते. शेजारच्या मोटारसायकलवर बसलेला सोबती आज कामावर आहे की नाही, हे मात्र त्याला विचारावेच लागते.