चितारी, फोटोवाले आणि आपले देऊळ

श्रींच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण होऊन ही स्मरणिका निघत आहे, ही सर्व ग्रामस्थांस मोठ्या आनंदाची गोष्ट होय. देवळाचा इतिहास, देणगीदारांची यादी, यात्रेची माहिती इतरत्र आलीच आहे. कमिटीने मला, गावच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला मास्तर म्हणून, आपल्या भागातील चित्रकार व छायाचित्रकार यांविषयी लिहिण्यास सांगितले. विषय आवडीचा आहे. पण लिहावयास बसलो आणि माझ्या हातून झालेली एक जुनी चूक आठवली. ती पुढे सांगतोच.

आपले गाव पंचगंगेकाठचे, आणि कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. या शहराला ‘कलापूर’ म्हणतात ते उगाच नव्हे. शाळेत मुले विचारीत, ‘गुरुजी, चित्रकाराला चित्र सुचतं कुठून?’ मी सांगत असे, सायकल काढा आणि कोटितीर्थावर किंवा रंकाळ्यावर जाऊन तासभर बसा. मुले हसत. पण उत्तर थट्टेचे नव्हते.

कलातपस्वी आबालाल रहिमान याच कोटितीर्थाच्या काठी राहिले. त्यांच्या घरी कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार होत, त्यांवर वेलबुट्टी काढता काढता त्यांचा हात वळला. पुढे ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले आणि १८८८ साली व्हाइसरॉयचे पदक मिळवून परत आले. असा मनुष्य मुंबईत राहता तर पैसा व नाव दोन्ही मिळते. ते कोल्हापुरास आले आणि तळ्याचे पाणी, घाटाच्या पायऱ्या, झाडांच्या सावल्या हेच आयुष्यभर रंगवीत बसले. तेच पाणी सकाळचे वेगळे, ढगाळ दिवसाचे वेगळे, तिन्हीसांजेचे आणखी वेगळे. उत्तर वयातील त्यांच्या निसर्गचित्रांत रंगाचे लहान लहान फटकारे दिसतात. जवळून पाहिले तर नुसते ठिपके, आणि चार पावले मागे सरले की पाणी हलू लागते. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा दुःखाच्या भरात आबालालांनी आपली चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. १९३१ साली ते स्वतः गेले. ज्या पाण्यावरून चित्रे सुचली त्याच पाण्याला ती दिली, असे कोणी कौतुकाने म्हणतात. मला मात्र त्यात कौतुक वाटत नाही, चित्रे गेली याचीच हळहळ वाटते.

दुसरे नाव कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे. जन्म १८९०, मृत्यू १९५४. आडनाव मूळचे मेस्त्री, ‘पेंटर’ ही लोकांनी दिलेली पदवी. वडील लाकूड, दगड, हस्तिदंत यांत काम करणारे कारागीर. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून नाव मिळविले. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि या दोघांनी सिनेमाचा ध्यास घेतला. विकतचा कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून घरीच करावयाचे ठरले. १९१६ साली आनंदराव अकाली वारले. बाबूरावांनी सहकाऱ्यांच्या मदतीने लेथवर एकेक भाग घडवून कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले.

आपल्याला त्यांचा अधिक जवळचा चित्रपट म्हणजे १९२५ चा ‘सावकारी पाश’. पौराणिक चमत्कार सोडून बाबूरावांनी कर्जात बुडालेला शेतकरी, त्याची झोपडी आणि सावकाराचा कागद पडद्यावर आणला. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले. हा विषय बाबूरावांना शोधत जावे लागले नसावे, तो कोल्हापूरच्या भोवताली गावोगाव होता. त्या मूकपटाची प्रत आज उरलेली नाही. ‘मुरलीवाला’ (१९२७) पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपला गेला, हेच समाधान. याच कंपनीतले कागलचे शेख फत्तेलाल हेही मूळ चित्रकारच. त्यांनी व विष्णुपंत दामले यांनी पुढे १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला.

चित्रकार आणि फोटोग्राफर यांत त्या काळी आजच्यासारखी भिंत नव्हती. स्टुडिओतील फोटोमागचा पडदा, म्हणजे तो कमानीचा राजवाडा, कारंजे, संगमरवरी कठडा, हे सर्व पडदे रंगविणाऱ्यांचेच काम. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने चेहऱ्यावरील डाग काढणारा हात चित्रकाराचाच लागे, आणि मोठ्या केलेल्या फोटोवर रंग चढवून तसबीर तयार होई. घरोघरी आजोबांची जी तसबीर भिंतीवर आहे तिच्यातला लाल फेटा बहुधा असाच नंतर रंगविलेला असतो. आजोबांचा फेटा खरोखर लाल होता की नाही, देव जाणे!

फोटोवाल्याचे खरे भांडवल म्हणजे प्रकाशाची वाट पाहण्याची तयारी. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीअखेर किरणोत्सव होतो. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येऊन मूर्तीच्या चरणांवर आणि वर मुखापर्यंत चढतात. सारा खेळ काही मिनिटांचा. ढग आला किंवा वाटेत एखादी उंच इमारत आडवी आली की तो दिवस गेला. तरी माणसे उभी असतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचू लागल्या की गुलालाने हवा गुलाबी होते, त्या धुरळ्यात भिंग सांभाळत उभे असलेले आपल्या भागातील फोटोग्राफर मी पाहिले आहेत. आमच्या लहानपणी यात्रेत कापडावर रंगविलेल्या विमानातून तोंड बाहेर काढून फोटो काढीत, त्याचीही मजा होती.

आता माझी चूक. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी गावात नोकरीस लागलो तेव्हा सभामंडपाच्या उत्तरेकडील भिंतीवर चुन्याच्या गिलाव्यावर एक कालियामर्दन रंगविलेले होते. गेरू, काजळी व निळीचे रंग, चिताऱ्याचे नाव नाही. देवळाला डिस्टेंपर देण्याचे ठरले तेव्हा वडीलधाऱ्यांनी मला विचारले, ‘मास्तर, हे ठेवायचं काय?’ मी नुकताच परीक्षा पास होऊन आलेला, डोक्यात तैलरंग आणि पर्स्पेक्टिव्ह. मला ते चित्र बाळबोध वाटले. मी म्हणालो, ‘नको, पुसा.’

त्या चित्रात यमुनेचे वळण आपल्या नदीच्या वळणासारखेच होते आणि काठावरच्या गोपाळांच्या खांद्यावर धनगरी घोंगडी होती. त्या अनाम चिताऱ्याने गोकुळ पाहिलेले नव्हते. त्याने आपला घाट पाहिला आणि तोच रंगविला. आबालालांनी तळ्याकाठी केले तेच. ते मला कळावयास फार वर्षे लागली.

यंदा ओल धरल्यामुळे ती भिंत उतरवावी लागली. रंगाचे चार थर खरवडताना गवंड्यांना तळहाताएवढा निळा तुकडा दिसला, त्यांनी मला हाक मारली. शाळेतल्या एका मुलाने मोबाइलवर त्याचा फोटो घेतला. दुपारपर्यंत गिलावा गळून पडला. या खेरीज आजवर एकच पुरावा सापडला आहे, तो म्हणजे एका घरच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो. पूर्वेच्या दारातून उजेड चांगला येई, म्हणून फोटोवाल्याने मंडळींना नेमके त्या भिंतीपुढे उभे केलेले. नवऱ्या मुलाच्या पागोट्यामागे नागाच्या दोन फणा आणि एक घोंगडी स्पष्ट दिसते. बाकीचे चित्र वऱ्हाडी मंडळींनी झाकले आहे.

तरी ग्रामस्थांस विनंती की, सभामंडपात काढलेले लग्नाचे, मुंजीचे, सप्ताहाचे जुने फोटो ज्यांच्या घरी असतील त्यांनी ते पाठीमागे नाव लिहून पुजाऱ्यांकडे द्यावेत. काचेला चिकटले असल्यास ओढून काढू नयेत, फ्रेमसकट आणावेत. मी त्यांची नक्कल करून आठ दिवसांत परत पोहोचवीन. सर्व तुकडे जुळले तर नव्या मंडपाची उत्तरेकडील भिंत कमिटीने अजून कोरी ठेवली आहे.