मुष्टियुद्धाचे चित्र आणि चित्रकाराची निवड

मराठी वाचकाला कथाचित्रांची गोडी लावणाऱ्यांत दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर ही नावे अग्रक्रमाने घ्यावी लागतात. दोघेही गोमंतकाचे सुपुत्र. मडगावी १९१६ साली जन्मलेल्या दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ अंक सुरू केला; मुळगावकरांच्या कुंचल्याने बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना चेहरा दिला. कथाचित्रकारापुढे नेहमीच एक पेच असतो. कथेत प्रसंग अनेक, चित्र मात्र एक. मग कोणता क्षण निवडावा?

झुंजीच्या कथेत हा पेच अधिकच बिकट होतो. आपल्या साक्री परिसरात झुंज म्हटली की यात्रेतली कुस्ती डोळ्यांपुढे येते. कुस्तीतली पकड काही काळ टिकते, चित्रकाराला ती न्याहाळता येते. मुष्टियुद्धातला ठोसा मात्र निमिषात येतो आणि जातो.

या संदर्भात अमेरिकन चित्रकार जॉर्ज बेलोज यांचे उदाहरण उद्बोधक आहे. १४ सप्टेंबर १९२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये जगज्जेता जॅक डेम्प्सी आणि आर्जेन्टिनाचा लुईस फिर्पो यांचा सामना झाला. एका सायंदैनिकाने बेलोज यांना तो चितारण्यासाठी पाठविले होते. पहिल्याच फेरीत फिर्पो सात वेळा कोसळला. पण त्याच फेरीत त्याने डेम्प्सीला दोरांतून थेट रिंगणाबाहेर फेकले. डेम्प्सी परत आला आणि दुसऱ्या फेरीत जिंकला. सारा सामना चार मिनिटांच्या आत आटोपला.

बेलोज यांनी विजयाचा क्षण निवडला नाही. त्यांनी आधी शिलाछाप चित्रे केली आणि १९२४ मध्ये मोठे तैलचित्र रंगविले. त्यात फिर्पो ताठ उभा आहे आणि जगज्जेता पाठमोरा प्रेक्षकांच्या अंगावर कोसळतो आहे. डाव्या कडेला, प्रेक्षकांत, टक्कल पडलेले स्वतः बेलोजही दिसतात. निकाल ठाऊक नसलेला पाहणारा फिर्पोलाच विजेता समजेल.

मग हे चित्र खोटे म्हणावे काय? तसे म्हणता येणार नाही. तो क्षण खरोखरच घडला होता. निकालाच्या नोंदीत हरणाऱ्याचे केवळ नाव उरते. चित्रकाराने त्याचे शौर्य जपले. आर्जेन्टिनात १४ सप्टेंबर हा मुष्टियोद्ध्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. त्यांच्या माणसाच्या पराभवाचाच तो दिवस!

म्हणून घरी दिवाळी अंक येईल तेव्हा मुलांना चित्र अवश्य पाहू द्यावे, आणि मग विचारावे: चित्रकाराने हाच क्षण का निवडला, आणि कोणाच्या बाजूने?