मृत्यूची रेल्वे : पळवलेल्या रुळांची भरपाई कशी झाली?

दुसऱ्या महायुद्धात जपानने थायलंडमधील नोंग प्लादुक ते ब्रह्मदेशातील थानब्यूझायात असा सुमारे ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग बांधला. १९४२ मध्ये सुरू झालेले काम १७ ऑक्टोबर १९४३ रोजी पूर्ण झाले. हीच ‘मृत्यूची रेल्वे’.

सामान कुठून आले?

जपानने जिंकलेल्या वसाहतींतील रेल्वेचे सामान उचलले. मलायातील पूर्व किनाऱ्याकडच्या मार्गाचे रूळ उखडले गेले. थायलंड, मलाया आणि ब्रह्मदेश या तिन्ही ठिकाणी मीटर गेज असल्याने ते सामान थेट वापरता आले. क्वाई नदीवरील पुलाचे लोखंडी गाळे डचांच्या जावा बेटावरून आणले होते.

पेच काय होता?

१९४५ मध्ये जपान शरण आला आणि मार्ग ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात गेला. जमीन थायलंडची, बांधणारा जपान आणि सामान मात्र शेजारच्या वसाहतींचे. सगळे उखडून परत करायचे, की आहे तिथेच विकून मालकांना पैसे द्यायचे, असा प्रश्न होता.

तोडगा काय निघाला?

जानेवारी १९४६ मध्ये सीमेजवळचे सुमारे ४ किलोमीटर रूळ काढून दोन्ही देशांमधला दुवा तोडण्यात आला. पुढे ब्रह्मदेशातील भागही उखडला गेला. ऑक्टोबर १९४६ मध्ये थायलंडमधील भाग थाई सरकारला १२ लाख ५० हजार पौंडांना, म्हणजे ५ कोटी बाथला विकला गेला. ज्यांचे सामान जपानने नेले होते, त्या शेजारी देशांना व वसाहतींना या रकमेतून भरपाई देण्यात आली. थायलंडने मार्गाचा काही भाग दुरुस्त केला आणि १९५८ मध्ये नाम टोकपर्यंत गाड्या सुरू केल्या. त्या आजही धावतात.

माणसांचे काय?

या मार्गावर सुमारे ६० हजार युद्धकैदी राबले, त्यातले १२ हजारांहून अधिक मेले. मलायातील तमिळ, ब्रह्मी, जावानीज अशा आशियाई मजुरांची संख्या लाखाच्या वर होती. त्यांच्यातील मृतांचा अंदाज ९० हजारांच्या आसपास सांगितला जातो. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहानंतर ब्रिटिश युद्धकैद्यांना प्रत्येकी सुमारे ७६ पौंड मिळाले. रुळांना मालक होता, त्याच्याकडे मालमत्तेची नोंद होती, म्हणून दावा उभा राहिला. बहुसंख्य मजुरांच्या मृत्यूची तर नावानिशी नोंदही झाली नाही.