गोदाकाठचा हरवलेला हत्ती

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर आज पाणपक्ष्यांसाठी ओळखले जाते. त्याच परिसरात गोदावरीच्या जुन्या गाळात एका महाकाय हत्तीचे अवशेष मिळाले. भूवैज्ञानिक पिल्ग्रिम यांनी १९०५ साली त्याची नोंद प्रसिद्ध केली. आजच्या हत्तीहून कितीतरी थोराड असलेल्या या जातीच्या शास्त्रीय नावात नर्मदा आहे, कारण तिची पहिली ओळख नर्मदेच्या खोऱ्यात पटली. नर्मदेच्या गाळात पाणघोड्याचीही हाडे सापडतात. आणि चाळीसगावजवळच्या पाटणे येथे एस. ए. साळी यांना उत्खननात शहामृगाच्या अंड्याचे नक्षी कोरलेले कवच मिळाले. ते सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे आहे.

हे प्राणी गेले कुठे?

जगभर या प्रश्नाचे दोन आरोपी आहेत: हवामान आणि माणूस. अमेरिकी अभ्यासक पॉल मार्टिन यांनी माणसावर बोट ठेवले. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत माणूस पोचल्यानंतर तिथले बहुतेक महाकाय प्राणी संपले. अमेरिकेतून मॅमथ, मॅस्टोडॉन, जमिनीवरचे अजस्र स्लॉथ, इतकेच काय, घोडाही नाहीसा झाला. मात्र त्याच सुमारास हिमयुग ओसरत होते, म्हणून वाद मिटत नाही.

भारताची साक्ष इथे मोलाची ठरते. अद्वैत जुकर आणि सहकाऱ्यांनी उपखंडातील जीवाश्मांचा आढावा घेतला, तेव्हा दिसले की इथे मोजक्याच जाती लोपल्या, त्याही सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीपासून, सावकाश. माणूस तर त्याआधीच इथे होता. मग हत्ती, गेंडा, गवा, वाघ का टिकले? एक उत्तर असे: इथल्या जनावरांना दोन पायांच्या शिकाऱ्याची ओळख लाखो वर्षांची. आफ्रिकेतही तसेच झाले. नवख्या भूमीतल्या प्राण्यांना घाबरायला शिकण्याइतकी सवड मिळाली नाही.

जे गेले, ते बहुधा एका घावाने गेले नाहीत. हिमयुगाच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस दुबळा झाला. बारमाही डोहांवर जगणाऱ्या पाणघोड्याला ते जड गेले असणार. वर्षानुवर्षांनी एखादे पिल्लू देणाऱ्या हत्तीच्या कळपाला थोडीशी शिकारही भरून काढता येत नाही. पाटण्याचे कवच मात्र हत्येचा पुरावा नव्हे. अंडे खाल्ले की नुसते कवच उचलले, हे ते सांगत नाही.

सहवासाने तगलेले हत्ती आजही आहेत. पण तो सहवास भाल्याशी होता. रेल्वेरुळांशी आणि विजेच्या तारांशी नव्हे. ही ओळख करून घ्यायला त्यांच्या हाती लाखो वर्षे नाहीत.